गोप्याची पार्किंगची जागा

आमच्या मुलासाठी मी आयुष्यातलं पहिलं जाहीर भांडण केलं, तेव्हा आमचा मुलगा तिथे हजर नव्हता. भांडण नेमकं त्याच मुद्द्यावर होतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही लंडनच्या हाउन्सलो भागात राहत होतो आणि मी विमानतळावर मालाच्या शेडमध्ये कामाला होतो. (एखादं खोकं भलत्याच देशात गेलं की ते माझ्यामुळे गेलेलं नाही, हे सिद्ध करणं एवढंच माझं काम.) आमच्या सुपरमार्केटने तेव्हा दाराच्या अगदी समोरच्या काही जागा नव्याने रंगवून घेतल्या होत्या. ऐसपैस जागा, पिवळ्या रेघा, जमिनीवर बाबागाडीचं चित्र आणि वर पाटी, 'पेरेंट अँड चाइल्ड'. लेकुरवाळ्यांसाठी राखीव! नीताला तेव्हा सहावा महिना होता. ती त्या चित्राकडे बघून म्हणाली, "अरुण, पुढच्या वर्षी आपण इथे लावायची हं गाडी."

पुढच्या वर्षी लावली नाही. सातव्या महिन्यात ते बाळ गेलं.

त्यानंतर आम्ही मागच्या गेटने आत शिरायला लागलो. रिकाम्या बाटल्या टाकायच्या पिंपांशेजारी गाडी लावायची आणि अख्खं मैदान तुडवत दारापर्यंत जायचं. पाऊस असला तरी तेच. आपण असं का करतो, हे दोन वर्षांत ना तिने विचारलं, ना मी. आधीच आणून ठेवलेली बाळाची कारसीट मी माळ्यावर टाकली, आणि माळ्यावर काय काय आहे याचा विषय घरात बंद झाला.

मग निखिल झाला. घाईत झाला. जन्मला तेव्हा त्याचं वजन साखरेच्या दोन पाकिटांएवढं होतं, आणि त्यातलं एक पाकीट थोडं सांडलेलं असावं. काही आठवडे तो हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होता. तो घरी यायच्या आदल्या दिवशी माझी आई वाईहून आली. डिंकाचे लाडू, बाळंतशोप, धुरीची शेगडी आणि बॅगेच्या तळाशी, नऊवारीत गुंडाळलेला, एक वरवंटा!

"आई, इतक्या लांबून दगड आणलास? इथे दगड मिळत नाहीत का?"

"मिळतात की. एक समोरच उभा आहे." आई म्हणाली. "बारशाला लागतो तो. माझ्या सासूबाईंचा आहे. तुझ्या आधी पाळण्यात हाच झोपला होता."

ज्यांनी बारसं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पाळण्यात बाळ घालायच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून, काजळाची तीट लावून झोपवतात. आमच्याकडे त्याला गोप्या म्हणतात. बाळ दगडासारखं टणक व्हावं, असा हेतू. (माझ्या बाबतीत तो हेतू प्रमाणाबाहेर सफल झाला, असं नीताचं मत आहे.)

आईने आल्या आल्या कायदा जाहीर केला. सव्वा महिना बाळ उंबऱ्याबाहेर जायचं नाही, मगच बारसं. आणि सव्वा महिना घरी आल्यापासून मोजायचा, काचेच्या पेटीतले दिवस धरायचे नाहीत. वजन करायला येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरलासुद्धा आई बाळ दाखवायची ते तीट लावून, आणि ती बाई "लव्हली!" म्हणाली की लगेच तिच्यामागे मीठमोहऱ्या ओवाळून टाकायची. पहिल्या दिवशी धुरीने घरातला स्मोक अलार्म बोंबलला. आईने तो शेजाऱ्यांचा कुत्रा समजून खिडकी लावून घेतली, त्यामुळे धूर आत राहिला आणि अलार्म तासभर चालला. पण ते जाऊ दे.

पहिल्याच शनिवारी आईला घेऊन सुपरमार्केटला गेलो. निखिलला घरी आणताना बसवलेली कारसीट मागे तशीच होती. मी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा पुढच्या गेटने शिरलो. का शिरलो, माहीत नाही. बाबागाडीच्या चित्रापाशी माझा पाय आपोआप ब्रेकवर पडला.

"काय लिहिलंय रे पाटीवर?"

"लहान मूल असलेल्यांनी गाडी लावायची जागा."

"मग लाव की!"

"आई, मूल बरोबर असावं लागतं."

"असं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, पण..."

"रेशनच्या दुकानात साखर आणायला तुझे वडील काय आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करायचे? घरात माणूस आहे ना, मग त्याचा वाटा आहे. ते घरी का बाहेर, दुकानदाराला काय करायचंय?"

या देशात आल्यापासून इतका स्वच्छ युक्तिवाद मी ऐकला नव्हता. मी गाडी लावली. इंजिन बंद केलं. त्या पिवळ्या रेघांच्या आत दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

लाल केसांची एक तरुण बाई इंडिकेटर लावून त्याच जागेची वाट बघत थांबली होती. तिच्या गाडीत मागे जुळी. दोघं एकाच सुरात रडत होती. तिने काच खाली केली.

"तुमचं बाळ कुठे आहे?"

"घरी!" मी अभिमानाने सांगितलं.

"मग गाडी इथे कशाला आहे?"

मी रेशनकार्डाचं तत्त्व इंग्रजीत मांडायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही. एवढ्यात ट्रॉल्या गोळा करणारे मिस्टर हॅरिस आले. साठीचे, ताठ कण्याचे, ट्रॉल्यांची आगगाडी अशी ढकलत की परेड चालली आहे.

"काही अडचण, सर?"

"या गृहस्थांचं बाळ घरी आहे," जुळ्यांची आई म्हणाली.

मिस्टर हॅरिसनी गाडीत वाकून रिकामी सीट पाहिली, मग मला पाहिलं. "अभिनंदन, सर," ते गंभीरपणे म्हणाले. "पुढच्या वेळी त्याला घेऊन या, नाहीतर गाडी तिकडे लावा. नाहीतर मला मॅनेजरला बोलवावं लागेल."

"काय म्हणतोय हा?" आईने विचारलं.

"बाळाची चौकशी करतोय."

आईचा चेहरा बंद झाला. "काही सांगू नकोस. वजन विचारलंन तर कमी सांग."

"आई, त्याहून कमी सांगायला जागाच नाही."

जुळ्यांची आई काच वर करून निघून गेली. लांब, पार बाटल्यांच्या पिंपांपाशी तिने गाडी लावली. दोन्ही बाळं दोन काखांत घेऊन ती पावसातून येताना मला दिसली. मी घाईघाईने कोबी निवडायला लागलो.

पुढच्या शनिवारी निघताना आई गाडीपाशी अडली.

"ही खुर्ची रिकामी हलते."

"गाडी चालली की हलणारच."

"रिकामा पाळणा हलवायचा नसतो." एवढंच म्हणून ती आत गेली. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी नाही हसलो. ही खुर्ची दोन वर्षं माळ्यावर रिकामीच पडून होती; आमचा रिकामा पाळणा तोच.

आई परतली ती गोप्याला घेऊनच. टोपडं, लोकरीचं दुपटं, गालावर तीट, सगळं जिथल्या तिथे! तिने त्याला सीटमध्ये झोपवलं, पट्टा लावला, दुपटं नाकापर्यंत ओढलं. (नाक नव्हतं, पण साधारण तिथपर्यंत.) मी बाहेरून काचेतून पाहिलं, आणि हे दुरून फारच खरं वाटतंय, हे माझ्या लगेच लक्षात आलं. मिस्टर हॅरिसही माझ्या लक्षात आले. मी एक शब्द बोललो नाही. आईची श्रद्धा होती. माझी सोय होती.

गाडी थेट पिवळ्या रेघांत लावली, कुलूप लावलं आणि ताठ मानेने आत गेलो.

आई फ्लॉवरचे गड्डे उलटेसुलटे करून बघत होती तेव्हा लाउडस्पीकरवर घोषणा झाली. मरून रंगाच्या अमुक नंबरच्या गाडीच्या मालकाने ताबडतोब गाडीकडे यावं.

"काय झालं?"

"कोणीतरी दिवे चालू ठेवून आलंय. काय एकेक बेफिकीर लोक असतात!" मी म्हणालो. स्वतःच्या गाडीचा नंबर मला आजतागायत पाठ नाही.

दुसरी घोषणा वेगळ्या आवाजात झाली. त्यात 'बेबी' होतं, 'अलोन' होतं, आणि 'प्लीज' तर दोनदा होतं.

मी ट्रॉली टाकून धावलो.

माझ्या गाडीभोवती गर्दी होती. जुळ्यांची आई मला रंगेहाथ पकडायला काचेतून डोकावली होती, आणि आत तिला कुलूपबंद गाडीत एकटं सोडलेलं बाळ दिसलं होतं. तिची दोन्ही बाळं ट्रॉलीत कोणा आजीबाईंच्या हवाली होती आणि ती पायातला बूट काढून काचेवर बडवत होती.

"तो हलत नाहीये! मी एवढी आपटतेय आणि तो हलत नाहीये!"

मिस्टर हॅरिसनी भिंतीवरून उचकटून आणलेला आग विझवायचा लाल सिलिंडर डोक्याच्या वर उचलला होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"थांबा!" मी ओरडलो. "किल्ली! माझ्याकडे किल्ली आहे!"

गर्दीने वाट दिली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते चेहरे मी ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नर्सनी माझ्याकडे असंच पाहिलं होतं, आधी डोळ्यांकडे आणि मग लगेच जमिनीकडे. आत दगड आहे हे त्या मैदानात फक्त मला माहीत होतं. मी स्वतः पट्टा तपासला होता. तरी किल्ली भोकात जाईना. तिथे उभा असताना, क्षणभर, खरं सांगतो, मलाही वाटलं की आत बाळ आहे आणि ते हलत नाहीये.

दार उघडलं. मी पट्टा सोडवायच्या आत जुळ्यांच्या आईने मला बाजूला सारलं, पट्टा काढून गोप्याला उचललं, खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटायला लागली. एकदा. दोनदा. मग तिचा हात थांबला. तिने हळूच टोपडं मागे सारलं.

काळा कुळकुळीत वरवंटा. गालावर काजळाची तीट.

मिस्टर हॅरिसनी सिलिंडर खाली ठेवला, खाकरले आणि म्हणाले, "सर, हा दगड आहे."

"होय."

"दगडाला टोपी का घातली आहे, सर?"

या प्रश्नाला चांगली उत्तरं असतील. मी म्हणालो, "थंडी आहे."

मागे कोणीतरी हसलं. जुळ्यांची आई हसली नाही. ती तशीच दगड घेऊन माझ्यासमोर आली.

"तुम्हाला ही गंमत वाटते? मला वाटलं तो गेला. माझ्या डोळ्यांसमोर बाळ गेलं असं वाटलं मला!"

मी बारशाबद्दल सांगायला तोंड उघडलं. रिकामा पाळणा, वाई, सासूबाईंचा वरवंटा, सगळं जिभेवर तयार होतं. बाहेर भलतंच आलं.

"आमचं गेलं होतं," मी म्हणालो. "दोन वर्षांपूर्वी. सातव्या महिन्यात."

या देशात ते मी डॉक्टरांखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. शेडमधल्यांना नाही, शेजाऱ्यांना नाही. आणि सांगितलं ते सुपरमार्केटच्या आवारात, पावसात, अनोळखी माणसांना, टोपडं घातलेल्या वरवंट्यासमोर! "आता दुसरा झालाय. खरा. घरी आहे. तो लवकर झाला म्हणून आई त्याला बाहेर काढू देत नाही. मला फक्त... इथे गाडी लावायची होती."

त्यावर कोणी हसलं नाही. खाली पडलेला बूट मिस्टर हॅरिसनी उचलला आणि तिच्या पायाशी नीट जोडून ठेवला.

आई तोवर फ्लॉवर हातात घेऊन पोचली होती. (पैसे न देता! पण त्या दिवशी आम्हाला अडवण्याची कोणाची हिंमत नव्हती.) तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. तिने माझा चेहरा पाहिला, त्या बाईचा पाहिला. फ्लॉवर आजीबाईंकडे दिला, गोप्याला तिच्याकडून काढून माझ्या हातात कोंबलं, आणि दोन्ही तळवे त्या मुलीच्या गालांवरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. मग ट्रॉलीतल्या एकेका बाळावरून तेच. ती मुलगी रडायला लागली. आईने तिला जवळ घेतलं.

"काय सांगितलंस तिला?" आईने तिच्या खांद्यावरूनच मला विचारलं.

"आपल्या पहिल्याचं."

आईने त्या मुलीला आधी दोनदा थोपटलं. मग म्हणाली, "मला तरी कुठे सांगितलंस नीट? फोनवर 'नाही राहिलं' म्हणालास आणि वाईत पाऊस कसाय ते विचारलंस."

"होय."

"दगड आहेस नुसता." तिने डोळे पुसले. "काढ ती गाडी. हिला लावू दे."

मी गाडी काढली. बाटल्यांच्या पिंपांशेजारी नेऊन लावली आणि गोप्याला मांडीवर घेऊन तिथे बसून राहिलो. (गाडीत एकटा सोडायची आता माझी छाती नव्हती.) लांबून दिसत होतं, जुळ्यांच्या आईने आपली गाडी आणून पिवळ्या रेघांत लावली, दारं सताड उघडून बाळांना आत बसवलं, आणि ती जागा एवढी रुंद का ठेवली आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

घरी गेल्यावर नीताला सगळं सांगितलं. 'थंडी आहे'पर्यंत आलो तेव्हा ती हसायला लागली. हसता हसता पलंगावर बसली, निखिल दचकून उठला, तरी ती हसतच होती, आणि मग नुसतं हसणं राहिलं नाही. मी शेजारी बसलो. त्या दुपारी आम्ही दोघं पहिल्यांदा त्या पहिल्या बाळाबद्दल बोललो. खाली आईने शेगडी पेटवली, स्मोक अलार्म वाजायला लागला, आणि आम्ही तो वाजू दिला.

सव्वा महिना भरला. बारसं झालं. गोप्या आधी झोपला, मग निखिल. दुसऱ्या दिवशी चौघं सुपरमार्केटला निघालो. पुढच्या गेटने. दाराजवळची एक जागा मोकळी दिसली म्हणून मी खूश झालो, तर तिथे मिस्टर हॅरिस ट्रॉल्यांची रांग आडवी लावून उभे! मरून गाडी बघताच त्यांनी रांग बाजूला ओढली, ताठ उभे राहिले आणि हाताने मला आत घेतलं, जसं विमानतळावर विमानाला घेतात.

मी मागचं दार उघडलं. मिस्टर हॅरिस गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. शेजारच्या दोन गाड्यांतली माणसंही थांबली. निखिलने त्यांच्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की पिंपांवरची कबुतरं उडाली.

"हा बोलतो!" मिस्टर हॅरिस म्हणाले.

"वजन सांगू नकोस," आईने बजावलं.

नीताने निखिलला खांद्यावर घेतलं. तिने एकदा खाली बाबागाडीच्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दाराकडे चालू लागली. मी गाडीला कुलूप लावत होतो, तेवढ्यात मिस्टर हॅरिसनी रिकाम्या सीटकडे बोट दाखवून, अत्यंत आदराने विचारलं, "आणि थोरला कसा आहे, सर?"

"मजेत," मी म्हणालो. "घरी चटणी वाटतोय."

"शांत वाटला मला तो. समजूतदार."

"कसला समजूतदार!" मी म्हणालो. "भर गर्दीत तोंडातून एक धड शब्द निघत नाही त्याच्या. अगदी बापावर गेलाय."